दहाव्याचा भात

आमचे हे गेले ते मुलाच्या घरी, अमेरिकेत क्युपर्टिनोला. सहा महिन्यांसाठी आलो होतो, चौथ्या महिन्यात त्यांचं हृदय थांबलं. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायलाच हवा, यावर मी अडून बसले. शिवला नाही तर गेलेल्या माणसाची इच्छा अडकलेली असते. मी चौथी शिकलेली, पण हे शिकायला शाळा लागत नाही.

"आई, बॅकयार्डमध्ये ठेवू की. तिथं कावळे येतात," मुलगा म्हणाला.

"तिथं शेजारणीचं कुत्रंही येतं. ते शिवलं तर तुझ्या बापाला काय सांगू?"

मग त्यानं आम्हाला समुद्रकाठच्या राखीव रानात नेलं.

ऑगस्ट होता. आपल्याकडे तेव्हा सगळं हिरवंगार असतं. इथं उन्हाळा कोरडा, पाऊस थंडीत. टेकड्यांवरचं गवत वाळून पिवळं पडलेलं, मध्ये कमरेएवढी काटक झुडपं. त्यांची पानं चुरगाळली की काढ्यासारखा वास येई. खाली समुद्राचं पाणी आत शिरून दलदल झाली होती. वाटेवर ओकची वाकडी झाडं होती आणि त्यांच्यावरून दगडफूल लोंबत होतं. मसाल्यात घालतो तसलंच, पण हातभर लांब. वारा नसताना हलत होतं.

भात ठेवायला पान हवं म्हणून मी एका झुडपाला हात घातला. तीन-तीन पानं बघून पळस वाटला.

"आई, नको! विषारी आहे ते, अंगभर फोड येतील," सून ओरडली.

शेवटी कागदाच्या ताटलीत भात ठेवला आणि आम्ही मागं सरलो.

वठलेल्या फांदीवर एक कावळा बसला होता. पलीकडे कुंपणाच्या खांबांवर लाल डोक्याची गिधाडं होती. पंख पसरून, न हलता, आमच्याकडे तोंड करून बसलेली.

मुलानं हात जोडले. "बाबा, आईला मी सांभाळीन."

कावळा जागचा हलला नाही.

"तुमच्या पुतण्याला इकडे शिकायला बोलावतो."

तरी नाही. मग मी म्हटलं, "मी घरी परत जाते. तुमचं घर, तुमचे देव बघते."

कावळ्यानं आमच्याकडे पाठ केली. खाली खडकांवर सील माशांचं भुंकणं चाललं होतं, तेही थांबलं.

मला कळलं. यांची बहीण विधवा होऊन आमच्याच घरात राहिली. सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून जेवायची. यांनी ते जन्मभर पाहिलं, तोंडानं कधी काही बोलले नाहीत. इथं आल्यावर मात्र एकदा म्हणाले होते, "इथं बाईला कुणी विचारत नाही, कुठं निघालीस म्हणून."

तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं. आधी गिधाडं दिसेनाशी झाली, मग फांदी, मग भात. मला मनातून घरीच जायचं होतं. तरी म्हटलं, "बरं. राहते इथं."

पंखांचा आवाज आला नाही. ताटली जमिनीवर घासटल्याचा मात्र आला.

धुकं विरळलं तेव्हा ताटली रिकामी होती. कावळा फांदीवर तसाच पाठमोरा. गिधाडांचे पंख तसेच उघडे.

"शिवला! आई, शिवला!"

"तू पाहिलास?"

"नाही, पण भात गेला ना!"

"कोल्हा असेल," मी म्हटलं. "पण मी शब्द देऊन बसले."

तिथं कचरा टाकायची बंदी, म्हणून सुनेनं ताटली उचलली. आम्ही गाडीकडे निघालो. मागं धुकं पुन्हा दाटलं होतं.

"माझं परतीचं तिकीट कॅन्सल कर," मी मुलाला म्हटलं.

तो मागं वळू लागला. मागून पुन्हा तोच घासटल्याचा आवाज येत होता. ताटली सुनेच्या हातात होती.

"चला," मी म्हटलं. "दहाव्याहून येताना मागं बघायचं नसतं."