ती बाई मीच, शपथेवर सांगते

चिनी शिकायला आयर्लंडला कोण जातं, हा प्रश्न मला निदान चारशे माणसांनी विचारला असेल. आयर्लंडात आमच्या ओळखीची माणसं सगळी मिळून चाळीस, म्हणजे प्रत्येकाने दहा दहा वेळा विचारला. सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या, "चायनीज ना? मग त्याला कॉलेज कशाला? आपल्या चौकातल्या गाडीवाल्याकडे चार दिवस उभी राहा."

खरं तर चिनी शिकायला मी आयर्लंडला गेले नव्हते. गेले होते नवऱ्यामागे. त्याला डब्लिनजवळच्या लिक्सलिपला संगणकाच्या चिप बनवायच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही बाडबिस्तरा गुंडाळला. पण लग्नाआधी तीन वर्षं मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गात चिनी शिकले होते आणि चांगली शिकले होते. इतकी, की स्वप्नात चिनी दुकानदाराशी घासाघीस करायचे आणि जिंकायचे. मग लग्न, मग मुलगी, मग हा देश, आणि ते सगळं माळ्यावर गेलं. अठरा वर्षांनी खाली काढायचं ठरवलं, तेव्हा डब्लिनच्या एका विद्यापीठाने जुनं प्रमाणपत्र आणि पदवी बघून मला थेट वरच्या वर्गात जागा दिली. वर्ग दोन वर्षांतून एकदाच निघतो. सोमवारी सुरू होणार होता. राहिली होती फक्त कागदपत्रांची पडताळणी, शुक्रवारी पाचच्या आत. नाहीतर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. मी शेहेचाळीस वर्षांची. अक्षरं पाठ करायची काही हजार. रोज पाच लक्षात राहतात आणि सहा विसरतात, या वेगाने दोन वर्षं थांबले असते तर मला वर्णमालेलाच मुकावं लागलं असतं, आणि चिनीला तर वर्णमालाही नाही.

तर आठवड्याच्या सुरुवातीलाच मी नोंदणीच्या खिडकीपुढे उभी. रांग एवढी, की माझ्यापुढच्या मुलीने उभ्या उभ्या स्वेटर विणायला घेतला, पूर्ण केला, घातला, आणि खिडकीपर्यंत पोचेतो तो कोपरांवर विरलाही. खिडकीमागे एक अतिशय गोड बाई. हीच या देशातली मोठी अडचण. आपल्याकडे खिडकीमागचा माणूस दोन मिनिटांत खेकसून मोकळा होतो, आपणही खेकसतो आणि काय ते समजतं. इथे पाऊण तास "सॉरी, सॉरी" ऐकल्यावर कळतं की आपल्याला हाकललं आहे.

"सॉरी हं," ती म्हणाली, "पण हा पासपोर्ट एकीचा आहे आणि पदवी दुसरीचीच."

"दोन्ही माझेच आहेत."

"पण आडनाव वेगळं आहे."

"लग्न झालं."

"ओके, अगदी बरोबर. पण मधलं नावही वेगळं आहे."

"आधी वडिलांचं होतं, आता नवऱ्याचं आहे."

तिने मान हलवली, चेहऱ्यावर समजूतदार हसू. मग पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवून हळूच म्हणाली, "आणि पहिलं नाव?"

आता हे तिला कसं सांगायचं? आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सगळ्यांकडे लिहीत नाहीत, हल्ली तर कोणीच लिहीत नाही, पण माझ्या वेळी लिहिलं. कारण साधं होतं. माझ्या नणंदेचं नाव आणि माझं नाव एकच. एका घरात एकाच नावाच्या दोघी कशा चालतील, हाक मारल्यावर दोघी धावत येतील, असा मोठा चिंतेचा विषय झाला होता. माझा अनुभव असा, की हाक मारल्यावर तिथे एकही धावत येत नाही. असो. त्यासाठी माझं नाव बदललं. आणि पुढच्याच वर्षी नणंदेचं लग्न होऊन तिच्या सासरी तिचंही बदललं. म्हणजे ज्या नावासाठी एवढी लढाई झाली, ते त्या घरात कोणाकडेच उरलं नाही.

हे सगळं मी खिडकीपाशी सांगितलं. ताट, तांदूळ, अंगठी, नणंद. मागच्या रांगेतली दोन मुलं कानातले इअरफोन काढून ऐकायला लागली.

"किती सुंदर," ती म्हणाली. "आणि याचा काही दाखला?"

"विवाहाचा दाखला आहे. हा बघा."

तो तिने बघितला. त्यावर नवऱ्याचं नाव आणि माझं माहेरचं नाव. नवं नाव कुठेच नाही. म्हणजे कागदोपत्री माझ्या नवऱ्याने एकीशी लग्न केलं आणि विमानात दुसरीलाच बसवून आणलं.

"मूळ कागद दाखवू का? पदवीचा मूळ कागदही आणलाय," मी पिशवी उघडत म्हटलं.

"नो, नो, यू आर ग्रँड."

ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. पहिलं वर्षभर मी तोच अर्थ घेऊन उगाच खूश होत होते. इथे ग्रँड म्हणजे राहू द्या, नको, पुढच्याला येऊ द्या. मी पिशवी बंद केली.

नाव बदलल्याची राजपत्रातली जाहिरात पासपोर्टच्या वेळी काढलेली होती, म्हणजे कागद होता. पुण्यात, सासूबाईंच्या लोखंडी कपाटात. मंगळवारी त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि कपाट उघडलं. त्या कपाटात काय नव्हतं! गॅसची पहिली जोडणी केल्याची पावती निघाली, माझ्या नवऱ्याचा तिसरीतला निकाल निघाला (गणितात छत्तीस, आणि हा माणूस चिप बनवतो), मोरपीस निघालं, बंद पडलेली सात घड्याळं निघाली. राजपत्र निघालं नाही.

"अगं, पण तू आहेसच की तू," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना सांग, माझी सून आहे. मी सांगते हवं तर. फोन दे त्या बाईला."

"आई, ती बाई फोनवर नाही, खिडकीत असते."

"मग खिडकीत दे."

शेवटी त्यांनी अल्बममधला एक फोटो काढून पाठवला. "हे बघ, पुरावा." फोटोत ताट, ताटात तांदूळ, तांदळात नवऱ्याचं अक्षर. त्याचं अक्षर कागदावरही लागत नाही, तांदळात तर कोंबडी चालून गेल्यासारखं दिसत होतं. त्या दिवशीसुद्धा मांडवात त्याच्या मावशीने दोनदा वाचून दोन वेगळी नावं सांगितली होती. पण मी इतकी वैतागले होते, की तो फोटो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'इतर कागदपत्रे' या खान्यात चढवला आणि खाली इंग्रजीत लिहिलं, 'नाव बदलतानाचा क्षण'.

बुधवारी उत्तर आलं. 'सॉरी, आम्ही खाद्यपदार्थांची छायाचित्रं स्वीकारू शकत नाही.'

मी मोबाइल नवऱ्यापुढे आपटला. "तू लिहिलंस, आता तूच निस्तर."

"मी कुठे लिहिलं? गुरुजी म्हणाले लिहा, म्हणून लिहिलं."

"नाव तूच सुचवलं होतंस ना?"

तो ताटं उचलायला लागला. मग डिशवॉशर लावता लावता म्हणाला, "खरं सांगू? आत्याने कानात सांगितलं. मला दुसरंच ऐकू आलं."

अठरा वर्षं. अठरा वर्षं मी एका चुकून ऐकलेल्या नावाने पासपोर्ट काढत होते, बँकेत सह्या करत होते, डॉक्टरांना जीभ दाखवत होते. आणि मला जागा मिळाली होती ती मुळात त्या नावाला नव्हतीच. चिनी शिकलेली बाई वेगळी होती, तांदळाच्या आधीची. तिला विद्यापीठ ओळखत होतं. मला कोणी विचारत नव्हतं.

गुरुवारी खिडकीतून नवा निरोप आला. राजपत्र नसेल, तर सॉलिसिटरसमोर शपथ घेतलेलं प्रतिज्ञापत्र चालेल, की दोन्ही नावांची बाई एकच आहे. आपल्याकडे कोर्टाबाहेर छत्रीखाली टेबल टाकून बसलेले लोक आपल्याला दुरूनच ओळखून शिक्का उगारतात. इथे मी लिक्सलिपपासून शहरापर्यंत फोन लावत सुटले. प्रत्येक जण गोड. प्रत्येक जण पुढच्या गुरुवारी मोकळा. शेवटी डून लेरीतल्या एक म्हाताऱ्या सॉलिसिटर बाई म्हणाल्या, "उद्या तीनला या, पण मी साडेतीनला पोहायला जाते."

शुक्रवारी दोन गाड्या बदलून मी समुद्राच्या काठाने डून लेरीला उतरले. वारा असा, की मी स्टेशनातून बाहेर पडले आणि माझी छत्री समुद्रापलीकडे वेल्सला पोचली. ऑफिस एका चहाच्या दुकानाच्या वर होतं. बाईंनी चष्मा लावून कागद वाचला, पोहण्याचा टॉवेल खुर्चीवर तयार होता.

"म्हणजे ही," त्यांनी जुन्या नावावर बोट ठेवलं, "आणि ही, दोन्ही तुम्ही."

"हो."

"आणि तुमच्या यजमानांचं नाव? तेही बदललं?"

"नाही."

"अं हं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आणि तुम्हाला आवडलं होतं का? नवं?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. सासूबाईंनी विचारलं नव्हतं, माझ्या आईने विचारलं नव्हतं, लिहिणाऱ्याने तर नाहीच. "आमच्याकडे विचारायची पद्धत नसते," मी म्हटलं. "ताटात लिहून झाल्यावर तांदूळ हलवत नाहीत."

"हं," त्या म्हणाल्या, आणि उजवा हात वर करायला सांगितला. मी मोठ्याने म्हटलं, की मी ही आहे आणि तीही मीच आहे. जुनं नाव तोंडातून निघालं तेव्हा ते मला परक्या माणसाच्या घरात आपली जुनी चादर दिसावी तसं वाटलं. मी ते दुसऱ्यांदा म्हटलं. बाईंनी हरकत घेतली नाही. सही, शिक्का, टॉवेल, आणि त्या माझ्या आधी जिना उतरल्या.

कागदाचा फोटो काढून मी रस्त्यावरच चढवला. भिंतीला पाठ टेकवून, वाऱ्याने मोबाइल हातातून जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी गळा आवळल्यासारखा धरून. पाचला वीस मिनिटं असताना खिडकीवाल्या बाईंचा स्वतःहून फोन आला.

"सॉरी, उशीर झाला. मिळालं. जागा तुमची. फक्त एक खाना रिकामा आहे. वर्गात तुम्हाला कोणत्या नावाने बोलवायचं, ते. सोमवारच्या हजेरीला लागेल. आज घरून भरलंत तरी चालेल."

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. नवरा चहाचा कप घेऊन मागे उभा. मी जुनं नाव टंकलं, मधलं नाही, आडनाव नाही, नुसतं पहिलं. एक अक्षर चुकलं, पुसून पुन्हा टंकलं. बटण दाबलं.

तो वाचत होता. चहा न पिता म्हणाला, "आणि मग मी काय हाक मारायची?"

"तू मला अठरा वर्षं 'अगं' म्हणतोयस," मी म्हटलं. "तेच चालू ठेव."