दादाच्या वाट्याची नळी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी फिरायला जायचे बूट घालत होते. "आत्ती, पप्पा गेलं... झोपेतच," एवढंच तो बोलला. मला रडू यायच्या आधी राग आला. आदल्याच आठवड्यात रिपोर्ट चांगले आले म्हणून पेढे सोडून मोडाचे मूग वाटणारा माझा भाऊ असा कसा जाऊ शकतो? खोटं कशाला बोलू, तो राग अजून उतरलेला नाही.

लहानपणी दादा तालमीत जायचा. जोर-बैठका मारून आला की चुलीपुढं बसायचा आणि आईला भाकऱ्या थापताना दम खाऊ द्यायचा नाही. भूक लागावी म्हणून मेहनत करायची आणि मेहनत केली म्हणून पोटभर जेवायचं, इतकं साधं होतं ते. आषाढात गल्लीची यात्रा व्हायची, घरोघरी मटणाचा वाटा यायचा आणि आमचं दोघांचं भांडण व्हायचं ते नळीवरून. ते मगजाचं हाड दादा ताटावर असं आपटायचा की शेजारच्यांना कळावं, याच्या वाट्याला नळी आली. मग आतलं मगज निम्मं माझ्या भाकरीवर पाडायचा. "घे, रडके," म्हणायचा.

पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, साखर काठावर आहे, थोडं कमी खा, रोज चाला. एवढंच. दादानं त्याचं व्रत केलं आणि पुढं त्या व्रताचा जाच. चालण्याशी माझं भांडण नाही. मीही चालते, ती सवय त्यानंच लावली आणि माझे गुडघे त्याला दुवा देतात. पण मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आलं आणि माणूस हातचा गेला. घास घशाखाली उतरायच्या आत तो कसा जिरवायचा याची चिंता! माझ्या मुलीच्या लग्नात पंगत बसली आणि मामा कुठं म्हणून शोधाशोध झाली, तर हा मांडवामागं येरझाऱ्या घालतोय. जिलबीचा एक तुकडा खाल्ला होता... एकच तुकडा, तोही विहीणबाईंनी आग्रह केला म्हणून.

गेल्या आषाढात मी त्याला मुद्दाम जेवायला बोलावलं. वाट्यातली नळी त्याच्यासाठी राखून ठेवली होती. त्यानं ती बोटानं ताटाच्या कडेला सारली.

"ही खाल्ली तर उद्या रंकाळ्याला दोन फेऱ्या जादा पडतील की गं."

"मग मार की दोन फेऱ्या! तेवढा रंकाळा कुठं पळून चाललाय?"

तो हसला, पण नळीला हात लावला नाही. तिच्याकडं बघत मात्र होता, ते मला दिसलं. नसती आवडली तर गोष्ट वेगळी होती. तोंडाला पाणी सुटलेलं असताना तो स्वतःवरच डोळे वटारून बसला होता, आणि ते मला सहन होत नव्हतं.

रक्षाविसर्जनाला पानावर माणसाच्या आवडीचं ठेवायचं असतं. आदल्या दिवशी वैनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "वन्सं, ह्यास्नी काय आवडायचं वो?" म्हणाल्या. "इतकी वर्सं उकडलेलंच दिलं. मलाच आठवंना झालंय."

एवढा संसार केलेली बाई मला हे विचारत होती. मी म्हणाले, "नळी." सुतकात घरात मटण शिजत नाही, म्हणून भाच्यानं ती खानावळीतून आणली. चुलत्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मी तिकडं बघितलंच नाही. वैनींनी शेजारी मूठभर मूगही ठेवले, सवय म्हणून. कावळा आला, नळीभोवती फिरला आणि त्यानं पहिली चोच घातली ती मुगात.

"बघा! अजून बी ऐकंना!" मी ओरडलेच. पै-पावण्यांना हसावं का रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

दिवस झाले. यंदाच्या यात्रेला वैनींच्या घरी काही करायचं नव्हतं, म्हणून त्यांना मी माझ्याकडं आणलं. त्या किती वाळल्यात ते जेवायला बसल्यावर दिसलं. अर्धी भाकरी खाऊन त्यांनी हात आखडला.

"वन्सं, एवढं खाल्लं तर उद्या जादा चालाय लागंल का वो?"

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडं गेलं. दादाचं घड्याळ त्यांनी बांधलं होतं, पट्टा सैल होऊन कोपराकडं घसरत होता. दादावरचा सगळा राग पुन्हा वर आला. स्वतः उपाशी गेलास, आता हिलाही नेतोस का?

"काढा ते आधी," मी म्हणाले. त्यांनी ते काढून पाटाजवळ ठेवलं. यंदाची नळी मी त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी ती उचलून ताटावर हळूच आपटली, कुणी रागावेल या धाकानं.

"जोरात की वैनी," मी म्हणाले. "त्याला ऐकू जाऊंदे."