एकलीलेच काहून नाही?

चौथीचा वर्ग बरीच वर्षं माझा होता. मग बाभुळगावजवळच्या आमच्या शाळेत नव्या बाई आल्या. मुख्याध्यापकांनी चौथी त्यांना दिली आणि मला दुसरीत बसवलं. त्यांचा हेवा वाटायला मला आठवडाही लागला नाही. माझी स्वतःची लेक चौथीत होती आणि घरी आली की "आमच्या बाई, आमच्या बाई" हा एकच जप.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. भाव वाढेल या आशेनं सगळ्यांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. आमचीही पुढची खोली छतापर्यंत भरली होती. उन्हं तापायला लागली आणि पोरं वर्गात कराकरा अंग खाजवू लागली. मी दुसरीला सांगितलं, अंघोळ नीट करा. लेकीलाही तेच सांगितलं. नव्या बाईंनी मात्र पुस्तक मिटलं आणि फळ्यावर लिहिलं: खाज कशाची? तुम्हीच शोधा.

झालं. कोणी एकाच हाताला कापूस बांधतंय, कोणी गोधडी उन्हात टाकून बघतंय, कोणी घरोघर विचारत फिरतंय. भिंतीपलीकडचा तो कालवा ऐकून माझा जळफळाट व्हायचा. माझ्या वर्गात असा आवाज कधी झाला नाही. झाला असता तर मी छडी आपटली असती.

संध्याकाळी लेक वही घेऊन समोर बसली. "आई, तुले खाजवते का?"

माझे दोन्ही दंड खाजवून सोलून निघाले होते. म्हणून तर लांब बाह्यांचे ब्लाउज घालत होते. पण त्या बाईंच्या फळ्यावर माझी खाज कशाला?

"नाही," मी म्हणाले. तिनं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अख्खी चौथी माझ्या वर्गाच्या दारात.

"बाई, ज्याच्या घरी कापूस हाये ते सारेच खाजवून राह्यले. तुमाले एकलीलेच काहून नाही?"

फळ्यावर आता हाच प्रश्न होता म्हणे. एका पोरीनं धाकट्या बहिणीला हाताला धरून आणलं होतं. तिचे हात लालभडक झाले होते. "तुमी काय लावता, ते इले बी लावून द्या."

इतक्या वर्षांत पोरं पहिल्यांदाच आपणहून मला काही विचारायला आली होती. माझी लेक सगळ्यांच्या पुढे, पेन्सिल धरून उभी.

मी बाही वर केली.

कोणी हसलं नाही. लेकीनं वहीतलं "नाही" खोडलं, "हो" लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता आपल्या बाईंना सांगायला पळाली.