पापडीचं गोकुळ

मध्यस्थांनी पत्रात लिहिलं होतं, "पापडीचं स्थळ म्हणजे गोकुळ." त्या शब्दानेच माझ्या मनात पाल चुकचुकली. गोकुळ म्हणजे मुळात गायींचा कळप. मग गवळ्यांचं गाव. आणि लग्न जमवणाऱ्यांच्या तोंडी दूधदुभत्याचं, सुखी घर. त्या गोकुळात ताक कोण घुसळत होतं, ते कुणी सांगत नाही. माझी कुसुम आईवेगळी वाढलेली. तिला राबायला पाठवायचं नव्हतं. म्हणून न कळवताच निघालो.

वसईला टांगा केला. टांगेवाल्याला विचारलं, "माणसं कशी आहेत?"

"सकाळपासून वाडीत असतात. मला काय म्हाईत?"

उत्तर टाळल्यासारखं वाटलं.

वाडी मात्र देखणी होती. केळी, सुपारी, पानवेली. गाय एकही नाही. झापड बांधलेला रेडा रहाट (विहिरीतून पाणी काढणारं चाक) ओढत होता, आणि रहाट कर्कश कुरकुरत होता. तेलालाही महाग दिसतात, असं मी मनात म्हटलं.

मुलाच्या आईने सुकेळी (सोलून उन्हात वाळवलेली केळी) पुढे केली. गोड होती. गोड खायला घालणाऱ्यांचा मला जास्तच संशय येतो. बाई भाकऱ्या करायला आत गेल्या, तसा मी विहिरीकडे सटकलो. तिथे थोरली सून पाण्याचे पाट वळवत होती. तिच्या तळहातांना घट्टे होते.

"विसावा मिळतो का?"

"दुपारी," म्हणून ती केळींत दिसेनाशी झाली.

रेड्याची मला दया आली. शिवाय तो आंधळा असावा, अशीही शंका होतीच. मी झापड सोडली. रेडा थांबला, कुरकुर थांबली.

त्याबरोबर चहूकडून माणसं धावत आली. मुलाचे वडील हातातल्या कोयत्यासकट, आई पिठाच्या हातांनी. सगळे विहिरीत वाकून पाहू लागले.

"सुमती! सुमती गो!" बाईंचा आवाज फाटला होता.

"आई, मी इथं हाय." सून केळींतून बाहेर आली. बाईंनी पिठाच्या हातांनीच तिचे दंड घट्ट धरले.

मग सगळ्यांनी माझ्या हातातली झापड पाहिली.

"रहाटाला तेल घालीत नाय ते यासाठीच," मुलाचे वडील म्हणाले. "आवाज बंद झाला की समजायचं, विहिरीपाशी काय तरी झालं."

मी मनापासून शरमलो.

घरी कुसुम दारातच उभी होती. "गोकुळ आहे का हो, बाबा?"

"गाय एकही नाही. काम मरणाचं आहे. हातांना घट्टे पडतील," मी म्हणालो, आणि रहाटाची हकिकतही सांगितली.

ती म्हणाली, "तुम्ही कचेरीत गेलात की दिवसभर मला काही झालं, तर इथे कुणाला कळतं?"

मी होकाराचं पत्र लिहायला बसलो. गोकुळ हा शब्द मात्र त्यात घातला नाही.