चाँदभाई बैलाची खांद बघतो

पिरंगुटचा चाँदभाई पिंजारी गाद्या भरायचा आणि कुत्री उजवायचा. लोक लेकी उजवतात, हा कुत्री उजवायचा. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी सालची ही गोष्ट.

खांद्यावर ती भली मोठी पिंजण टाकून तो गावोगाव हिंडायचा. कुणाच्या तरी अंगणात बसून दगड झालेला कापूस पिंजायचा, गादी भरून, शिवून द्यायचा. आणि संध्याकाळी घरी येताना पाय मोडलेलं, चटका बसलेलं, पोरांचे दगड खाल्लेलं एखादं कुत्रं त्याच्याबरोबर असायचंच. "मागं मागं आलं," असं तो सांगायचा.

"मागं आलं तर मानंवर कसं बसलंय?" त्याची बायको जोहराबी विचारायची.

ह्या कामाला त्यानं रीतसर नाव दिलं होतं. मुका जीव मंडळ, मुळशी. मेंबर तीन. अध्यक्ष चाँदभाई, उपाध्यक्ष जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर नथू, आणि तिसरी जोहराबी, जिला कुणी विचारलंच नव्हतं. अध्यक्षानं कुत्रं आणायचं, उपाध्यक्षानं मलमपट्टी करायची, आणि जिला विचारलं नव्हतं तिनं भाकरी थापायच्या. कुत्र्याची लाळ लागलेला कपडा नमाजाला चालत नाही, म्हणून चाँदभाईनं कुत्र्यांसाठी एक सदरा वेगळा ठेवला होता.

"कुत्र्याचा सदरा सदानकदा अंगात, नमाजाचा खुंटीला," जोहराबी म्हणायची. "अल्ला वळखंल तरी का तुमाला?"

कुत्रं बरं झालं की त्याला घर बघायचं. इथं मात्र अध्यक्ष लई कडक. दोन दिवस आधी निरोप धाडायचा, परवा घर बघायला येतोय म्हणून. मग जायचं, घोंगडीवर बसायचं, चहा प्यायचा, पाऊसपाण्याचं बोलायचं. आणि मग एकदम उठून गोठ्यात जायचं आणि बैलाच्या मानेवर हात फिरवायचा. जू बसतं ती जागा, खांद, नीट दाबून बघायची. खांद फुटलेली, चिघळलेली असली की तिथल्या तिथं नकार.

"माणसाच्या तोंडाकडं बघू नये," तो म्हणायचा. "पावनं येणार म्हणून ते धुतलेलं असतंय. खांद काय येका दिसात बरी व्हत न्हाई."

एका गावच्या पाटलाला त्यानं असा नकार दिला होता. पाटील वर्षभर नवी गादी भरून घेईना. चाँदभाई म्हणाला, झोपू दे जुन्यावर.

तर त्या साली त्याच्याकडं एक कुत्री आली. बाजारातल्या एका भजीवाल्यानं तिच्या पाठीवर कढईतलं तेल ओतलं होतं. नथूनं दोन महिने मलम लावलं. जखम भरली, पण पाठीवर केस काही आले नाहीत. ताटाएवढा गुळगुळीत पट्टा राहिला. चाँदभाईनं तिचं नाव ठेवलं मखमल. स्वभावानं गरीब, पण कुणाचा हात वर गेला की खल्लास. डोकं खाजवायला जरी हात उचलला, तरी जमिनीला चिकटायची आणि तिथंच मुतायची.

"हिला हात वर व्हत न्हाई असं घर पायजे," चाँदभाई म्हणाला.

"मग लुळ्याचं बघा," नथू म्हणाला.

मखमलसाठी त्यानं चार घरं नाकारली. पाचवं निघालं भूगावच्या बहिरूचं. बहिरू बैलगाडीनं वीटभट्टीच्या खेपा करायचा. त्याच्या बायकोनं, गोजराबाईनं, बाजारात मखमल बघितली आणि त्याच्यामागं धोसरा लावला, हीच कुत्री पायजे. ठरल्या दिवशी चाँदभाई गेला. दावणीला एकच बैल होता, पण काय बैल! पांढराशुभ्र, डावं शिंग जरासं खाली वळलेलं, आणि खांद लोण्यासारखी.

"दुसरा कुटं हाय?"

"चरतोय माळाला," बहिरू म्हणाला.

चाँदभाईनं पुढं काही विचारलं नाही. त्याच संध्याकाळी मखमल उजवली. घरी येऊन जोहराबीला म्हणाला, "असं घर मिळायला नशीब लागतं."

"माझा बाप बी हेच म्हनला व्हता," जोहराबी म्हणाली.

दोन महिने गेले. भाद्रपदातला पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, बैलाला उद्याचं आवतण देतात. त्या दिवशी चाँदभाई नेमका भूगावात होता, बहिरूच्या शेजारच्या भिकूच्या अंगणात गादी भरत होता. दिवस कलता कलता भिकूनं बैल बाहेर काढला. पांढराशुभ्र. डावं शिंग खाली वळलेलं.

चाँदभाईचा हात थांबला. "हा बैल बहिरूचा न्हवं?"

"बहिरूचा कसा? माज्या गोठ्यात जन्मलाय," भिकू तूप चोळत म्हणाला. "मागं येक दिस न्हेला व्हता त्यानं. म्हनला, घर बघायला पावनं यायचंत."

"कसलं पावनं?"

"सोयरीक हाय म्हनला. मी म्हनलं, ह्याला ना पोर ना पोरगी, सोयरीक कुनाची?"

पाव्हणा, म्हणजे चाँदभाई, गादी टाकून उठला. पिंजणीच्या तारेवर मारायचा लाकडी दांडका हातात तसाच.

बहिरू खांदेमळणी अंगणात करत नव्हता. गोठ्यात, पार आतल्या कोपऱ्यात चालली होती. आपल्या दोन बैलांतल्या तांबड्याच्या मानेवर तो कापसानं हळद लावत होता, आणि जिथं लावत होता तिथं तळहाताएवढी खांद फुटलेली होती. बैल पाय आपटत होता.

"ह्यो चरत व्हता व्हय माळाला?" चाँदभाई दारातून ओरडला.

बहिरूच्या हातातला कापूस पडला. "चाँदभाई, आदी ऐक तरी..."

"काय ऐकू? उसना बैल दाखवतोस? उद्या उसनी बायको दाखवशील! माजी कुत्री दे."

"कुत्रीला बोट लावलंय का मी? इचार तिला!"

"मी बैलाला इचारतोय! ज्याचा बैल असा, त्याच्या घरात माजी मखमल येक रात बी ऱ्हानार न्हाई!" असं म्हणताना चाँदभाईचा दांडक्याचा हात वर गेला.

गोठ्याच्या उंबऱ्यावर मखमल होती. ओळखीचा आवाज ऐकून शेपूट हलवत पळत आली होती. तो हात बघितला आणि ती जमिनीला चिकटली. खाली ओल पसरली.

तिच्या मागून गोजराबाई आली. तिनं आधी कुत्रीकडं बघितलं, मग दांडक्याकडं.

"हात खाली करा, चाँदभाई. माज्या कुत्रीला भ्या घालताय."

चाँदभाईनं हात खाली केला. दांडका कुठं ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी त्यानं तो गव्हाणीत टाकला. तांबड्यानं हुंगून बघितला.

"दोन म्हैन्यांत ती आज मुतलीया," गोजराबाई म्हणाली. "ह्यांनी खांद लपवली, मला ठावं हाय. लबाडीच केली. मीच कुत्रीपायी ह्यांच्या डोक्यात बसले व्हते. पर दोन म्हैनं ह्या घरात कुनी हात उचलला न्हाई. ह्यांना माशी बसली तरी मी हात वर करू देत न्हाई."

"खरं हाय," बहिरू कसनुसा म्हणाला. "माशा बी बसून ऱ्हात्यात आता."

मखमल सरपटत सरपटत गोजराबाईच्या लुगड्याआड गेली. चाँदभाईनं ते बघितलं. न्यायचं कुणाला आणि कुठल्या तोंडानं?

"कुत्री ऱ्हाऊ दे," शेवटी तो म्हणाला. "बैल नेतो."

"आं?"

"खांद भरंस्तवर मंडळाकडं ऱ्हाईल. नथू मलम लावंल."

"आरं, उद्या पोळा हाय! माज्या दारात बैल नगं का?"

"दुसरा हाय की. का त्यो बी उसना हाय?"

बहिरूनं बायकोकडं बघितलं. गोजराबाईनं दावं सोडून चाँदभाईच्या हातात दिलं. भिकूची गादी अर्धी उसवलेली अंगणात राहिली, आणि पाठीवर पिंजण, हातात बैल असा अध्यक्ष दोन कोस चालत पिरंगुटात आला. वाटेत जो तो विचारी, "पिंजारी, शेती घेतली का?"

जोहराबीनं दार उघडलं. बैलाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ह्यो बी मागं मागं आला?"

पोळ्याच्या सकाळी बहिरू हजर. डोक्यावर पाटी, पाटीत पुरणपोळ्या, काखेत झूल. चाँदभाईच्या अंगणात त्यानं बैलाची शिंगं रंगवली, झूल घातली, पण मानेला टेकू दिली नाही, मागं सरकवून बांधली. पोळी चारताना बैलाशी काहीतरी हळू बोलला. चाँदभाई मुद्दाम दुसरीकडं बघत बसला.

त्यानंतर दर तिसऱ्या दिवशी बहिरू चालत यायचा. एकविसाव्या दिवशी नथूनं सांगितलं, खांद भरली.

"दिवाळीपातूर जू ठेवायचं न्हाई," चाँदभाईनं बजावलं.

"मंग खेपा कोन करनार?"

"दुसऱ्याच्या जोडीला तू लाग."

बहिरू काही जुवाखाली लागला नाही. पण दिवाळीपर्यंत त्याची गाडी दांड्या टेकून अंगणात उभी होती. चाँदभाई निरोप न धाडता दोनदा जाऊन बघून आला होता.