शाफ्ट जाम, नवरदेव तळ्यात

आमच्या रिसोडकडे बोटीचं इंजन असलेला एकच माणूस होता, आणि माझं नशीब असं की तो माझा सख्खा मामा होता.

पलटणीतून रिटायर होऊन येताना लोक ट्रंक आणतात. मामानं भंगारातून इंग्रजांच्या काळचं इंजन आणलं आणि तळ्यावरच्या डोंग्याला मागून लावलं. सत्तर सालच्या पुढची गोष्ट. माझी सासुरवाडी तळ्यापलीकडे. सासरे शाळेत गुरुजी. थोरल्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड उशिरा आलं म्हणून त्यांनी नवरदेवाला मांडवातून परत पाठवलेलं. आम्हालाही बजावलं होतं, "बाराला बुद्धवंदना सुरू. नवरदेव नसन तर लगन नाही."

वऱ्हाड सकाळीच बैलगाड्यांनी गेलं. मामा मात्र अडून बसला. "माहा भाचा धूळ खात जाईन? मोटारबोटीत नेतो त्याले." मलाही ते पटलं (पटणारच, मी स्वतःला फार देखणा समजत होतो). डोंग्यात मामा, मोठा भाऊ आणि मी. मी मुद्दाम इंजनाशेजारी बसलो, पांढरा शेला गळ्याशी गाठवला आणि एक टोक वाऱ्यावर सोडलं. पलीकडच्यांना दिसायला नको?

मधोमध इंजन खोकलं आणि बंद पडलं. मामानं चालू करायची दोरी ओढली. दोरी जेमतेम वीतभर हलली.

"शाफ्ट जाम झाला," मामा म्हणाला.

"मंग आता?" भावानं विचारलं.

"खोलून पाहा लागते."

काठावर सासरे उभे होते. ते घड्याळाकडे बघत, मग आमच्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. मुलगी मला मनापासून आवडली होती.

मामानं प्लग काढला, फुंकला, लावला. दोरीला हिसका दिला.

"भाऊ, मले कसंतरीच होऊन राह्यलं. गळा आवळून राह्यला," मी म्हणालो.

"लग्नाच्या दिवशी होते तसं. मलेही झालतं," भाऊ म्हणाला. "अजून गेलं नाही."

मामानं तेल ओतलं, इंजनाला लाथ घातली आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. मी मागच्या मागे इंजनावर आदळलो. मामा भडकला. "काहून अंगावर येऊन राह्यला बे? तुह्याच लग्नासाठी मरून राह्यलो ना मी?"

मला बोलता येईना, डोळे पांढरे झाले. तेव्हा कुठे भावाला दिसलं की माझा शेला गळ्यापासून थेट पाण्यात गेलाय. इंजन वर उचललं, तर पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याला, म्हणजे त्या शाफ्टलाच, शेल्याचे वेढेच वेढे. मामा दोरी ओढत होता तसतसा मी गुंडाळला जात होतो.

भावानं गाठ सोडवली. तेवढ्यात सासऱ्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि ते मांडवाकडे वळले. मोडलं लग्न. खरं सांगतो, मला रडू आलं.

डोळे पुसून बघतो तर नवरी. पांढऱ्या पातळाचा ओचा खोचून तळ्यातून चालत येत होती. पाणी तिच्या गुडघ्याएवढं. वाऱ्यानं आम्हाला केव्हाच काठाजवळ आणून सोडलं होतं, आणि पाणी किती उरलंय हे इंजनाच्या नादात तिघांपैकी एकानंही बघितलं नव्हतं.

"उतरा," ती म्हणाली. "बाबाले म्या थांबवलं, पन जास्त नाही थांबत ते."

"जराशीक थांब पोरी," मामा म्हणाला, "शाफ्ट मोकळा झाला का..."

"मामाजी, तुमी बसा," असं म्हणून तिनं माझं मनगट धरलं.

लोकांच्या लग्नात नवरदेव नवरीला घेऊन जातो. मला नवरी ओढत मांडवात घेऊन गेली, माझा एक बूट चिखलात राहिला. आणि मी दोन्हीकडच्या वऱ्हाडाला मान डोलवत ऐटीत चाललो होतो, जसं काही मीच तिला आणलं होतं.