स्वल्प थांबा

उदबत्तीच्या धुरात तापलेल्या प्लास्टिकचा वास मिसळला की मला यशवंतपूरचा तो काचेचा एसटीडी बूथ आठवतो. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. नवऱ्याच्या नोकरीपायी पुणं सोडून बंगळूरला आल्यानंतरची माझी पहिलीच कथा एका दिवाळी अंकाने घेतली होती, अंक छपाईला निघाला होता आणि संपादक फोनवर म्हणत होते, "तुमची ती भाजीवाली 'स्वल्प थांबा' म्हणते. भाजीवाली कुठे असं संस्कृत बोलते? 'थोडं' करतो." मी म्हटलं, "अहो, कानडी आहे ते. इथे थोड्याला सगळे स्वल्पच म्हणतात." "वाचक पुण्यातला आहे, बाई. तिकडे जाऊन तुमचं मराठी बिघडत चाललंय. बदलायचं नसेल, तर कथा पुढच्या वर्षी बघू." समोर मीटरचे लाल आकडे पळत होते, काचेबाहेर रांग चुळबुळत होती. करा थोडं, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बूथवाल्या अण्णांनी दार ढकलून डोकं आत घातलं आणि घाई केली, "अक्का, स्वल्प बेगा." पलीकडून संपादकांनी विचारलं, "कोण बोललं ते?" "बूथवाले." मग ते म्हणाले, "बरं, राहू दे." मी अजून बंगळूरलाच आहे. इतक्या वर्षांत मराठी बिघडलं का हो तुमचं, असं पुण्यात कुणी विचारलं की मी म्हणते, स्वल्प.